पाच छत्तीसचा मुहूर्त

डोंगरात तंबू ठोकून राहायचं, ही गोष्ट आमच्या ट्रिप्लिकेनच्या घरात पहिल्यांदा निघाली तेव्हा मी डोसे घालत होते. मे महिना तोंडावर आला होता. मद्रासेत मेच्या सुरुवातीला कत्तिरी लागते, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत भाजून काढणारे दिवस. त्या दिवसांत शहाणी माणसं दारं-खिडक्या लावून ओल्या फरशीवर पडून राहतात. आमचे हे मात्र पानावरून मान वर न करता म्हणाले, "येत्या शुक्रवारीं निघायचें. नीलगिरीस. तंबू घेतलों मी."

"कोण कोण?" मी विचारलं.

"तूं आणि मी. आणखी कोण आहे?"

आणखी कोणी नव्हतंच. आम्हांला मूलबाळ झालं नाही. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते आणि हे साठीला टेकले होते. रेल्वेच्या ऑफिसात गाड्यांची वेळापत्रकं जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी हिरवी मोटार घेतली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चालवायला शिकले. पुढे जाणं त्यांना छान जमायचं. मागे घेणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, त्यामुळे जिथे शिरू तिथून पुढच्या पुढे बाहेर पडायला वाट आहे की नाही, हे मला आधी उतरून बघावं लागायचं.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या दिवसांत मी त्यांच्याशी धड बोलतच नव्हते. राग माझ्या नाकावर असतो हे मान्य, पण हा राग नाकावरचा नव्हता. तो तीन आठवडे आत मुरलेला होता, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगू शकत नव्हते.

कारण असं. आमच्याकडे, म्हणजे तंजावरकडच्या मराठी घरांत, पुरुषाला साठ पुरी झाली की षष्ट्यब्दि करतात. जन्माच्या वेळी जे संवत्सर असतं, ते साठ वर्षांनी फिरून येतं, आणि त्याच तिथीला नवरा बायकोच्या गळ्यात पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधतो. दुसरं लग्नच ते. मुलं पुढे होऊन आईबापांचं लग्न लावतात, नातवंडं अक्षता टाकतात, आणि म्हातारी नवरी लाजते. लोकांना ते लाजणं बघायचं असतं.

मला त्या लग्नाची आस होती. हे आज मी उघड लिहिते आहे, तेव्हा मनातसुद्धा नीट म्हणत नव्हते. माझं पहिलं लग्न मला ठाऊकच नाही. अकरा वर्षांची होते. मुहूर्त पहाटेचा होता. दोन दिवसांची जाग्रणं, होमाचा धूर, अंगावर नऊवारीचं ओझं. मामाच्या खांद्यावर डोकं टेकलं एवढं आठवतं. जाग आली तेव्हा उन्हं आली होती, पंगत बसली होती, आणि माझ्या गळ्यात काहीतरी टोचत होतं. कुणीतरी दृष्टीचा दोरा बांधला असेल असं मला वाटलं आणि मी तो ओढला, तेव्हा आईने माझ्या हातावर चापट मारली. ते मंगळसूत्र होतं. स्वतःच्या लग्नात नवरी झोपली होती, हे मी बेचाळीस वर्षांत कुणापुढे बोलले नाही. ह्यांच्यापुढे तर नाहीच. अठरा वर्षांचा नवरा मुलगा, त्याला कुठलं कळलं असणार, असं मी धरून चालले होते. साठीला मात्र मी टक्क जागी राहणार होते.

दोन वर्षांपूर्वी कुंभकोणमला ह्यांच्या चुलतभावाची षष्ट्यब्दि झाली. चार मुलगे, तीन सुना, दारात केळीचे खांब. मी लाडू वळत होते. ह्यांची आत्या सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुमचें कोण करणार गे? तुम्हांस तर अस्कं रिकामें." अस्कं म्हणजे सगळं. आत्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण खोटंही बोलली नव्हती. मी लाडू वळत राहिले. हे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही.

मग ते वर्ष आलं. युगादीला, म्हणजे पाडव्याला, नवं संवत्सर लागलं, ह्यांच्या जन्माचं संवत्सर. चैत्रात त्यांची तिथी आली. सासूबाईंनी सांगून ठेवलेली ती तिथी मी दर वर्षी पाळत असे, त्या दिवशी पायसम करत असे. त्या दिवशी मी पहाटे चारला उठले, न्हाले, नवी साडी नेसले आणि वाट बघत बसले. हे उठले, कॉफी प्यायले, पेपर वाचला. पायसम खाल्लं आणि म्हणाले, "गूळ अंमळ जास्त झाला." दुपारी झोपले. संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेले. दिवस संपला. मी साडी घडी करून ठेवली. आपण होऊन कसं विचारायचं? माझं लग्न लावा हो, असं म्हणायचं? मूग गिळून बसले, आणि तीन आठवड्यांनी हा तंबू.

तंबू मूर मार्केटातून, म्हणजे मद्रासच्या जुन्या बाजारातून, आणला होता. लष्करातला जुना, खाकी, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. त्याच्याबरोबर रॉकेलचा स्टोव्ह, दोन घडीच्या खाटा, एक कंदील. मी चिंचेचा भात, थाळीपिठाचं पीठ, मेतकूट, कॉफीची पूड आणि फिरकीच्या झाकणाचा पितळी कूजा भरून पाणी घेतलं. हे आपलं सामान मला बघू देत नव्हते. हत्यारांची पेटी तर स्वतः उचलून ठेवली.

निघालो सकाळी सहा दहाला. हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यांनी ते वहीत लिहिलं. ह्यांची एक वही होती, तीत त्यांनी गाडीच्या वेळापत्रकासारखे रकाने आखले होते: ठिकाण, पोचण्याची ठरलेली वेळ, पोचलो ती वेळ, उशीर. पूनमल्ली, श्रीपेरुंबुदूर, वेल्लूर, सगळं त्यात उतरत गेलं. श्रीपेरुंबुदूरला तळ्याकाठी मी तोंड धुवायला उतरले, तर परत आल्यावर म्हणाले, "चार मिनिटें लेट."

"मग गार्डास सांगून शिट्टी मारा," मी म्हटलं.

हसले नाहीत. उलट एकदम म्हणाले, "अगे, तुज पहाटे जाग येते ना?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बेचाळीस वर्षं चारला उठून ह्यांचा डबा केलेली बाई मी. तिला हा प्रश्न! "न येऊन कसें? कां?"

"कांहीं नाहीं. सहज विचारलों."

पुढे वाणियंबाडीला पुन्हा तेच. कृष्णगिरीच्या अलीकडे, एका सरकारी डाकबंगल्याच्या आवारात परवानगी घेऊन आम्ही पहिला तंबू ठोकला. तो दोनदा आमच्या अंगावर कोसळून तिसऱ्यांदा उभा राहिला, तर दोरी ताणता ताणता पुन्हा: "सोमवारीं पहाटे मात्र लवकर उठ हां." सोमवारी काय आहे, विचारलं तर म्हणाले, सूर्योदय. सूर्य काय सोमवारीच उगवतो?

मला काही कळेना. एक मन म्हणे, ह्यांना निवृत्तीने भ्रम झालाय. बायका सांगतात ना, घरी बसला की पुरुष बिघडतो. दुसरं मन म्हणे, हा माणूस षष्ट्यब्दि टाळून पळून आलाय, आणि पळताना मलाही बरोबर घेतलंय. तिसऱ्या मनात मधूनच भीती यायची की ह्यांना काही आजार आहे, डॉक्टरने सांगितलंय आणि मला कळू द्यायचं नाही म्हणून ही शेवटची सहल. दुसऱ्या दिवशी सेलम येईपर्यंत मी ह्या तिन्ही गोष्टी आळीपाळीने खऱ्या मानल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याशी वेगळी वागले. बिचाऱ्यांना सकाळी थाळीपीठ मिळालं, दुपारी टोमणे आणि चार वाजता मी त्यांचा हात हातात घेऊन रडले. ते फार घाबरले. रस्त्याच्या कडेला मोटार थांबवून त्यांनी मला कूज्यातलं पाणी दिलं आणि वहीत सात मिनिटं उशीर लिहिला.

मेट्टुपाळयमला सुपारीच्या बागेत दुसरा मुक्काम झाला. तिथे टायर बदलायची वेळ आली, हे चाकाशी झटत होते आणि मी हत्यारांच्या पेटीतून पाना काढून देत होते. पान्यांखाली एक पिवळं फडकं. उघडलं तर आत एक ठसठशीत हळकुंड, सुताची गुंडी आणि मूठभर तांदूळ. खाली नारळ.

"हें काय?"

ते चाकामागून म्हणाले, "तें ठेव. मोटारीचें आहे."

"मोटारीस हळकुंड?"

"घाट चढायचा आहे. पूजा करूं."

पटण्यासारखं होतं. आमच्याकडे लोक मोटारीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात, नारळ फोडतात. पण हळकुंड? मी ते फडकं होतं तसं बांधून ठेवलं. खरं सांगायचं तर क्षणभर माझ्या मनात वेगळंच काही आलं होतं. आणि लगेच मीच स्वतःला दटावलं, की तिथी होऊन महिना होत आला, आता कुठलं. काखेत कळसा होता आणि मी गावभर फिरत होते, पण ते मला त्या दिवशी कळायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कोटगिरीचा घाट. हे प्रत्येक वळणाला भोंगा वाजवायचे, आणि समोरून बस आली की आम्ही दोघेही श्वास धरायचो, कारण मागे घेता येत नव्हतं. एकदा तर बसवाल्यालाच मागे जावं लागलं. तो ह्यांना तमिळमध्ये जे म्हणाला ते मी इथे लिहीत नाही. वर पोचेपर्यंत माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

कोटगिरीच्या पलीकडे चहाच्या मळ्याच्या कडेला, युकॅलिप्टसच्या झाडांखाली सपाट जागा मिळाली. जवळच त्या डोंगरात राहणाऱ्या बडगा लोकांची चार-पाच घरं होती. तिथली एक म्हातारी, कपाळावर गोंदण, पांढरं लुगडं छातीवर गुंडाळलेलं, आमचा तंबू बघायला आली. तिची भाषा कानडीसारखी, आम्हांला अर्धी कळे. ह्यांनी तिला उद्या पहाटे पाचला दूध आणून द्या म्हणून सांगितलं. एक पावशेर दुधासाठी पाचदा वेळ सांगितली, बोटं दाखवून. मी म्हटलं, "अहो, दूधच मागतां कीं मेल गाडी?"

थंडी म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी कळलं. मद्रासेत मी जन्मभर अर्धीमुर्धी झोपले होते, पाठीला घाम, कानाशी डास. इथे दोन कांबळ्यांत शिरले आणि उजेड पुरता जायच्या आत मला झोप लागली.

जाग आली ती तंबूच्या कापडातून ऊन झिरपत होतं तेव्हा. लग्नानंतर पहिल्यांदा मी उजाडल्यावर उठत होते. धडपडत कांबळी ढकलली आणि बाहेर डोकं काढलं.

हे घडीच्या खुर्चीवर बसले होते. आंघोळ केलेली, त्या थंडीत, कपाळाला गंध, अंगावर धूतवस्त्र आणि त्यावर माझी शाल. समोर पाटावर केळीचं पान, त्यावर तांदूळ, नारळ, विझलेली निरांजनं. एका हातात घड्याळ. दुसऱ्या हातात हळदीने पिवळा केलेला दोरा आणि त्याला बांधलेलं ते हळकुंड. ओठ निळे पडले होते. जरा पलीकडे ती म्हातारी दुधाचं भांडं मांडीवर घेऊन दगडावर बसली होती, कुणी आजारी आहे की काय अशा चेहऱ्याने.

"किती वाजले?" मी विचारलं.

"सात बारा," ते म्हणाले. "मुहूर्त पांच छत्तीसचा होता."

"कसला मुहूर्त?"

त्यांनी पाटाखालून एक कागद काढून दिला. जुनी, तमिळमध्ये लिहिलेली पत्रिका. ह्यांचा जन्म खेड्यातला, तिथल्या तमिळ ज्योतिषाने ती मांडलेली. तमिळ लोक सूर्याप्रमाणे महिने मोजतात आणि आपण चंद्राप्रमाणे. त्यांचं वर्ष चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी लागतं, आपलं युगादीला. ह्यांचा जन्म नेमका त्या सांध्यावरचा. मी तिथी पाळली तेव्हा तमिळ वर्ष अजून लागलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबाने संवत्सर, महिना आणि नक्षत्र तिन्ही जुळून येत होती ती त्या सोमवारी पहाटे.

"आणि माझें पायसम?" मी म्हटलं. "दर वर्षीं चैत्रांत करतें तें?"

"तें कशाचें, हें मज कधीं ठाऊक नव्हतें. कसलें तरी व्रत म्हणून समजलों."

बेचाळीस वर्षं त्यांनी न विचारता पायसम खाल्लं होतं आणि मी न सांगता वाढलं होतं. आता हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा हे मला कळेना. मग एकदम राग आला, तोच जुना. "मग उठवलां कां नाहीं? एवढा वेळ बघणारा माणूस, मिनिटांचा हिशेब ठेवणारा, आणि मुहूर्त जाऊं दिलां? एक हांक मारायची!"

ते हातातला दोरा सारखा करत राहिले.

"त्या वेळेस तूं झोपली होतीस," ते म्हणाले. "तुझ्या मामानें तुझी मान धरली होती. भटजी घाई करीत होते, मुहूर्त जातो म्हणून. मी बांधलों. तुझें डोकें माझ्या हातावर पडलें. तेव्हां मज वाटलें, हें कांहीं बरोबर झालें नाहीं. तुज न विचारतां घेतलें म्हणून."

मी पत्रिकेच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"कुंभकोणांत आत्या बोलली तें ऐकलों," ते पुढे म्हणाले. "म्हणून इकडे आलों. इथें कोणी विचारणार नाहीं, कोण करतो म्हणून. आणि तूं जागी असशील म्हणून पुन्हां पुन्हां विचारीत होतों. पहाटे बघितलों, तर तूं झोपलीस. तशीच. मग ठरवलों, मुहूर्त गेला तर जावो. ह्या खेपेस तूं आपणहून उठल्यावांचून बांधायचें नाहीं."

मी खाली वाकून तंबूची दोरी नीट करायला लागले, ती नीटच होती. डोळ्यांतलं त्यांना दिसू नये एवढ्यासाठी. मग उभी राहिले आणि म्हटलं, "थांबा. तोंड धुऊन येतें."

"सावकाश," ते म्हणाले.

त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

ओढ्याचं पाणी असं की दात वाजायला लागले. साडी बदलली, केसांना पाणी लावून अंबाडा घातला. नवी साडी मद्रासला घडी करून ठेवलेली, त्यामुळे लग्नाला निळी सुती धुवट. म्हातारीला ह्यांनी खुणेने सांगितलं तेव्हा कुठे तिला उलगडलं, आणि ती तोंडावर हात ठेवून अशी हसली की मी खरंच लाजले. नातवंडांनी टाकायच्या अक्षता तिने टाकल्या. अर्ध्या माझ्यावर, अर्ध्या तंबूवर. मंत्र ह्यांनीच म्हटले, मध्ये दोनदा चुकले.

ती वही आता माझ्याकडे आहे. त्या दिवसाच्या ओळीत ठिकाण कोटगिरी लिहिलं आहे, ठरलेली वेळ पाच छत्तीस, प्रत्यक्ष वेळ सात एकेचाळीस. उशिराच्या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलेलं नाही.

माझ्या लग्नाची तारीख कुठली धरायची, हे मला अजून कळलेलं नाही. पहिली मी झोपेत घालवली, दुसरी चैत्रातली मी एकटीनेच साजरी केली, आणि तिसरीचा मुहूर्त टळून गेला होता. पण एवढं मी सांगू शकते. त्यांची बोटं थंडीने आखडली होती आणि हळकुंडाच्या त्या मंगळसूत्राची गाठ बसायला बराच वेळ लागला. त्या सगळ्या वेळात मी पापणीसुद्धा लवू दिली नाही.